संगणकावरील सामाईक शब्दकोशाची कुळकथा

संगणकावर इंग्रजी पत्र लिहावयास बसलेल्या एखाद्या गोडबोले किंवा खानविलकर आडनांवाच्या गृहस्थाचा अनुभव बहुतेक घरांतून परिचयाचा असेल. स्वतःचें नांव उमटतांच त्याखालीं तांबडी नागमोडी रेघ उभी राहते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आडनांव यंत्राच्या लेखीं चूक ठरतें. गृहस्थ मुकाट्यानें तें नांव यंत्राला शिकवितो आणि रेघ नाहींशी होते. पुढें टपालाच्या प्रोग्रॅममध्यें तेंच नांव लिहूं लागतां रेघ पुन्हां हजर! तेथेंहि शिकवावें, तर ब्राउझरमध्यें तिसऱ्यांदा तोच प्रकार. एकच टेबल, एकच यंत्र, एकच मालक. परंतु त्या यंत्रांत नांदणाऱ्या तीन प्रोग्रॅमांचा एकमेकांशीं जणूं अबोला असतो.

या गैरसोयीचें मूळ यंत्राच्या अज्ञानांत नाहीं. शब्दकोश प्रत्येक प्रोग्रॅमनें आपल्या पोटांत बाळगावा, कीं सर्वांसाठीं एक सामाईक ठेवावा, या जुन्या प्रश्नांत तें आहे. प्रश्न घरगुती दिसतो खरा. पण कोणत्या भाषांना संगणकावर शुद्धलेखनाचा तपासनीस मिळावयाचा आणि कोणत्या भाषांनीं दाराशीं ताटकळत राहावयाचें, हेंहि त्यावरच ठरत आलें आहे.

आरंभ झाला तो हस्ताक्षर वाचण्याच्या खटपटींतून. इ. स. १९६१ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रसंस्थेंत लेस अर्नेस्ट हे हातचें लिखाण यंत्राकडून वाचवून घेण्याचा प्रयोग करीत होते. अक्षर अमुक कीं तमुक असा संशय पडे, तेव्हां निवाडा करण्यासाठीं त्यांनीं दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी यंत्राच्या हाताशीं दिली. हा पहिला कोश चुका काढण्यासाठीं नव्हता, वाचन सावरण्यासाठीं होता. पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत, अर्नेस्ट यांच्याच हाताखालीं, राल्फ गोरिन या विद्यार्थ्यानें १९७१ मध्यें 'स्पेल' नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. तो सर्वसामान्य इंग्रजी मजकूर तपासून संशयित शब्द दाखवी, आणि शिवाय योग्य शब्द सुचवी. सूचना करण्याची त्याची युक्ति साधी होती. फ्रेडरिक डॅमेराउ यांनीं १९६४ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, शेंकडा ऐंशी चुका चारच जातींच्या असतात : एखादें अक्षर गळतें, एखादें जास्त पडतें, एकाच्या जागीं दुसरें येतें, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते. गोरिन यांचा प्रोग्रॅम चुकलेल्या शब्दावर हे चार प्रयोग उलटे करून पाही आणि जो खरा शब्द हातीं लागेल तो पुढें करी. शाळेंतील मास्तर मुलाची वही तपासतांना मनांत हेंच करीत असतो; फरक एवढाच कीं, त्याला तें आपण करतों आहों याची जाणीव नसते.

खरी कसोटी लागली ती पुढें चार वर्षांनीं, बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत. तेथें युनिक्स ही संगणकव्यवस्था घडत होती आणि तिचे कर्ते आपलीं टिपणें व निबंध त्याच यंत्रावर लिहीत. १९७५ मध्यें स्टीव्ह जॉन्सन यांनीं एका दुपारच्या बैठकींत तपासनिसाची पहिली आवृत्ति तयार केली. तिची कृति ऐकण्यासारखी आहे. मजकुराचे शब्द सुटे करावे, ते वर्णानुक्रमानें लावावे, पुनरुक्त शब्द काढून टाकावे, आणि उरलेली यादी कोशाच्या यादीशीं ताडून पाहावी. जे शब्द कोशांत नाहींत ते छापावे. बस्स! यांतील प्रत्येक पायरीसाठीं युनिक्सवर लहान लहान हत्यारें आधींच होतीं. जॉन्सन यांनीं तीं एकापुढें एक जोडलीं.

मग डग्लस मॅकिलरॉय यांनीं तें काम हातीं घेतलें आणि त्याला शास्त्राचें रूप दिलें. अडचण जागेची होती. पीडीपी-११ या यंत्रावर एका प्रोग्रॅमला अवघी चौसष्ट किलोबाइट मेमरी मिळे. आजच्या फोनवरील एका लहानशा छायाचित्रालाहि ती पुरणार नाहीं. तेवढ्यांत सुमारें तीस हजार शब्द बसवावयाचे होते. मॅकिलरॉय यांनीं प्रथम शब्दांचे प्रत्यय व उपसर्ग सोलून काढण्याचे नियम बसविले, म्हणजे मूळ शब्द ठेवला कीं त्याचीं रूपें वेगळीं ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. नंतर त्यांनीं शब्दच टाकून दिले! प्रत्येक शब्दापासून गणितानें एक मोठी संख्या काढली, त्या संख्या चढत्या क्रमानें लावल्या आणि लागोपाठच्या दोन संख्यांतील अंतर तेवढें जपून ठेवलें. एका शब्दामागें चौदा बिटांहूनहि कमी जागा लागली. संख्यांचा पल्ला सुमारें तेरा कोटींचा आणि भरलेल्या जागा तीस हजार. तेव्हां एखादा चुकीचा शब्द योगायोगानें खऱ्याच्या जागीं येऊन बसण्याचा संभव साडेचार हजारांत एक एवढाच राहिला. तो त्यांनीं पत्करला.

मॅकिलरॉय यांच्या कामांतील आणखी एक गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. कोश जितका मोठा तितका तपासनीस चांगला, ही सर्वसाधारण समजूत त्यांनीं मानली नाहीं. दुर्मिळ शब्द कोशांत घातला कीं नेहमींच्या शब्दांतील चूक त्याच्या पांघरुणाखालीं लपते. मराठींत याचीं उदाहरणें हवीं तितकीं आहेत. 'पाणी' ऐवजीं 'पाणि' लिहिलें तर तपासनिसानें ओरडावें. पण 'पाणि' म्हणजे हात हा संस्कृत शब्द कोणीं पांडित्याच्या हौसेनें यादींत घालून ठेवला, कीं तो गप्प बसतो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांचें तर कोणत्याच यादीनें समाधान होण्यासारखें नाहीं. शब्द कोशांत आहे एवढेंच यंत्र सांगतें. तो येथें शोभतो कीं नाहीं हें पाहणें लिहिणाऱ्याकडेच राहतें.

परंतु या सर्वांपेक्षां प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. युनिक्सवरील हा तपासनीस कोणत्याहि एका लेखनयंत्राचा आश्रित नव्हता. मजकूर कशांतहि लिहिलेला असो, तो याच्या पुढ्यांत टाकावा आणि निकाल घ्यावा. म्हणजे सामाईक शब्दकोश ही पुढें लागलेली नवी युक्ति नव्हे. प्रारंभींची स्थिति तीच होती. ती मोडली नंतर.

मोडली ती टेबलावरील लहान संगणकांच्या काळांत. १९८० च्या सुमारास या यंत्रांवर शुद्धलेखनाचा प्रोग्रॅम निराळा विकत मिळे. पत्र पुरें करून, तें जपून, लेखनाचा प्रोग्रॅम बंद करून मग हा चालवावा लागे. इतका खटाटोप कोण करणार? तेव्हां लेखनाचे प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपन्यांनीं तपासनिसाला आपल्याच पोटांत घेतलें. ग्राहकाची सोय झाली, यांत शंका नाहीं. १९९५ च्या वर्डमध्यें तर लिहितां लिहितांच तांबडी रेघ उमटूं लागली आणि तपासणी हें निराळें कामच उरलें नाहीं. पण प्रत्येक कंपनीचा कोश निराळा, त्याची ठेवण निराळी, शिकविलेल्या शब्दांची वही निराळी. ज्यानें चार वर्षें खपून आपल्या व्यवसायांतील शेंकडों शब्द एका प्रोग्रॅमला पढविले, त्याला दुसऱ्याकडे जाणें जड जाऊं लागलें. आणि तें तसें जड जावें याचें विक्रेत्याला दुःख असण्याचें कारण नव्हतें. ज्या लहान प्रोग्रॅमांच्या कर्त्यांजवळ कोश विकत घेण्याइतका पैसा नव्हता, त्यांच्या पदरीं तपासनीस आलाच नाहीं. आणि ज्या भाषांत खप थोडा, त्यांच्यासाठीं कोश करण्याचा खर्च प्रत्येक कंपनीनें वेगवेगळा कां करावा?

हा गुंता सोडविण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीनें केला. १९८८ मध्यें पुढें आलेल्या तिच्या संगणकावर वेबस्टरचा कोश मुळांतच भरलेला होता. पुढें १९९४ मध्यें ओपनस्टेप या नांवानें प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमावलींत शुद्धलेखनाची तपासणी ही कोणत्याहि प्रोग्रॅमचें अंग न राहतां संगणकव्यवस्थेनें सर्वांना पुरवावयाची सेवा म्हणून नमूद झाली. सेवेची वांटणी दोन भागांत होती. एक सेवक पडद्याआड बसून कोश सांभाळी. आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या दारीं त्याचा एक हस्तक असे. प्रोग्रॅमनें हस्तकाकडे मजकूर द्यावयाचा; हस्तकानें तो सेवकाकडे न्यावयाचा व पहिला संशयित शब्द कितव्या अक्षरापासून किती लांबीचा आहे, एवढेंच परत सांगावयाचें. सूचना दाखविणारी चौकटहि सर्व प्रोग्रॅमांत एकच. बारीकसारीक विचारहि मार्मिक होता. 'शिका' म्हटलेला शब्द सर्वत्र कायमचा शिकला जाई. पण 'दुर्लक्ष करा' म्हटलेला शब्द त्या एका कागदापुरताच सोडला जाई, आणि त्यासाठीं प्रत्येक उघड्या कागदाला निराळा क्रमांक दिलेला असे. एका पत्रांतील विनोदी अपभ्रंश दुसऱ्या पत्रांत शुद्ध ठरूं नये, ही त्यांतली खबरदारी. ॲपल कंपनीनें १९९७ मध्यें नेक्स्ट विकत घेतली आणि मार्च २००१ मध्यें आलेल्या मॅक ओएस टेनबरोबर ही सेवा लक्षावधि घरांत गेली.

मॅकवर एकच घरधनी होता, म्हणून एकच व्यवस्था लावणें शक्य झालें. जेथें घरधनीच नाहीं, त्या लिनक्सच्या मुलखांत काय झालें, हा भाग अधिक मनोरंजक आहे.

तेथें गोरिन यांच्या 'स्पेल'चा वंश 'आयस्पेल' या नांवानें चालू होता. १९८३ मध्यें पेस विलिसन यांनीं तो सी या संगणकभाषेंत आणला आणि नंतर जेफ क्यूनिंग यांनीं त्याला इंग्रजीखेरीज इतर भाषांचे प्रत्ययनियम स्वीकारण्याची शक्ति दिली. आयस्पेलला एक विशेष सवय होती. दुसऱ्या प्रोग्रॅमनें त्याला नळीवाटे एक ओळ सांगावी आणि त्यानें शब्दागणिक एक खूण परत करावी : शब्द बरोबर असल्यास तारा, चूक असून सूचना देतां येत असल्यास एक खूण, आणि सूचनाहि सुचत नसल्यास दुसरी. ही बोली इतकी रुळली कीं, नंतरच्या प्रतिस्पर्ध्यांनाहि तीच बोलावी लागली. १९९८ मध्यें केव्हिन ॲटकिन्सन यांनीं 'आस्पेल' काढला. उच्चाराचा विचार करून सूचना देण्यांत तो सरस ठरला.

दुसऱ्या बाजूनें २००० सालीं स्टारऑफिस या लेखनसंचाचा मजकूर सर्वांसाठीं खुला झाला. परंतु त्यांतील तपासनीस दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानें घेतलेला असल्यामुळें तो खुला करतां येईना. घर फुकट मिळालें, पण त्यांतला कोश मूळ मालक घेऊन गेला! ती उणीव भरून काढण्यासाठीं केव्हिन हेंड्रिक्स यांनीं 'मायस्पेल' लिहिला, आणि त्यावरून हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनीं 'हनस्पेल' घडविला. नांवांतला 'हन' हंगेरीचा.

आतां अडचण उलटी झाली. पूर्वीं तपासनीस नव्हते. आतां ते फार झाले. हिब्रू भाषेसाठीं 'एचस्पेल', फिनिशसाठीं 'वोइक्को' अशीं स्वतंत्र घराणीं निघालीं, कारण त्या भाषांचें व्याकरण इतरांच्या चौकटींत नीट बसत नव्हतें. लहानशा प्रोग्रॅमच्या कर्त्यानें यांतल्या कोणाकोणाशीं बोलणें शिकावें? 'आबीवर्ड' या लेखनप्रोग्रॅमवर काम करणाऱ्या डॉम लाचोविच यांनीं २००३ मध्यें यावर तोड काढली. तिचें नांव 'एन्चांट'. इंग्रजींत 'स्पेल' म्हणजे वर्ण जुळविणें, तसाच मंत्रहि. तेव्हां मंत्र घालणारा तो एन्चांट, असा हा श्लेष दिसतो. एन्चांट स्वतः एकहि शब्द तपासीत नाहीं. त्याच्या मुख्य भागाला कर्त्यांनीं नांवच 'ब्रोकर' असें दिलें आहे, आणि बाजारपेठेंत वावरलेल्या मराठी माणसाला त्याचें काम 'अडत्या' या शब्दानें तत्काळ उमगेल. प्रोग्रॅमनें अडत्याकडे अमुक भाषेचा कोश मागावयाचा; अडत्यानें यंत्रावर कोणकोणते तपासनीस हजर आहेत तें पाहून, ठरलेल्या पसंतिक्रमानें एकाची गांठ घालून द्यावयाची. त्यानंतर बोलणें चारच वाक्यांचें : हा शब्द बरोबर आहे काय? नसल्यास कोणता असावा? हा कायमचा शिकून ठेव. हा या बैठकीपुरता चालवून घे. बस्स!

याच सुमारास 'जीटीकेस्पेल' नांवाचें एक लहान साधन प्रचारांत होतें. तें लेखनाच्या चौकटीला जोडलें कीं तिच्यांतील चुकीच्या शब्दांखालीं तांबडी रेघ येऊं लागे, आणि जोडणीला प्रोग्रॅममध्यें जेमतेम एखादी ओळ पुरे. अर्थात् त्या एका ओळीमागें बरीच समज होती. माणूस शब्द लिहीत असतांनाच त्याला चूक म्हणणें हा उद्धटपणा आहे. म्हणून लेखणी ज्या शब्दांत असेल तो शब्द संपेपर्यंत त्यावर रेघ मारावयाची नाहीं, हा शिष्टाचार त्यांत पाळलेला होता. गप्पांचे, टपालाचे, टिपणांचे लहान लहान प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना त्यामुळें एका रात्रींत तपासनीस लाभला. केडीई या दुसऱ्या परिवारानें याच धर्तीवर 'सॉनेट' ही आपली सेवा उभारली. विंडोजवर मात्र सर्व प्रोग्रॅमांना मागतां येईल अशी तपासणीची सेवा विंडोज ८ बरोबर २०१२ मध्यें आली. आणि १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून चालत आलेल्या साध्यासुध्या नोटपॅडला तपासनीस मिळावयास २०२४ साल उजाडलें!

या सर्व खटाटोपाचें मोल इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षां मराठी लिहिणाऱ्याला अधिक आहे. इंग्रजीला प्रत्येक दारीं कोश मिळालाच असता. मराठीचें तसें नव्हतें. एक तर लिपीचीच अडचण. आयस्पेल काय, मायस्पेल काय, दोघांचीहि घडण एका अक्षरास आठ बिट या हिशेबाची. युनिकोडमधील देवनागरी जशीच्या तशी पचविण्याची सोय हनस्पेलनें केली. दुसरी अडचण व्याकरणाची. मराठींत 'घर' हा शब्द यादींत असून भागत नाहीं. घराला, घरानें, घरांत, घरांतून, घराचा, घरावरील, घराजवळचा, घरांसाठीं : सामान्यरूप होऊन प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययें चिकटत जातात, आणि एका नामाचीं शेंकडों रूपें होतात. तीं सगळीं यादींत लिहावयाचीं म्हटलीं तर यादी कधींच पुरी व्हावयाची नाहीं. येथें हंगेरीची भाषा मराठीच्या मदतीस आली. हंगेरियन भाषेंत घराला 'हाझ' म्हणतात. 'हाझबॉन' म्हणजे घरांत, 'हाझबोल' म्हणजे घरांतून, 'हाझनॉक' म्हणजे घराला. आपल्याच भाषेच्या या प्रत्ययांसाठीं नेमेथ यांनीं हनस्पेलमध्यें प्रत्ययावर प्रत्यय सोलण्याचे जे नियम ठेवले, ते 'घरांतला'सारख्या मराठी रूपांनाहि लागू पडण्यासारखे आहेत. मूळ शब्दापुढें खूण करावी आणि कोणत्या वर्गाच्या शब्दाचें सामान्यरूप कसें होतें व त्यास काय जुळतें, हें नियमांच्या निराळ्या फायलींत एकदांच लिहावें.

आस्पेल व हनस्पेल या दोहोंसाठीं मराठी याद्या निघाल्या आहेत. त्यांचें काम ज्यांनीं केलें त्यांना प्रत्येक प्रोग्रॅमच्या कर्त्याचे उंबरठे झिजवावे लागले नाहींत. ओपनऑफिसनें २००६ मध्यें आणि फायरफॉक्सनें २००८ मध्यें हनस्पेल स्वीकारला होता; एन्चांटच्या द्वारें इतरांनाहि तो मिळत होता. ॲपलनेंहि २००९ पासून हनस्पेलचे कोश आपल्या सेवेंत घालण्याची मुभा दिली. एका ठिकाणीं केलेली यादी इतक्या दारीं चालूं लागली.

कोणतें लेखन शुद्ध मानावयाचें, हा प्रश्न मात्र यंत्रानें सुटणारा नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्यें शासनमान्य झाले आणि १९७२ मध्यें त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि 'कवि', 'गति' यांसारख्या शब्दांचें अंत्य अक्षर दीर्घ केलें. या नियमांवर आधारलेल्या तपासनिसापुढें १९५० पूर्वींचें कोणतेंहि मराठी मासिक ठेवलें, तर पानें तांबड्या रेघांनीं भरून जातील : 'कांहीं' चूक, 'नाहीं' चूक, 'केलें' चूक, 'पद्धति' चूक. जुनीं पुस्तकें संगणकावर आणणाऱ्यांना ही अडचण रोज भेडसावते. कोश प्रोग्रॅमच्या पोटांत असता, तर ती निस्तरण्यासारखी नव्हती. तो बाहेर, सामाईक जागीं असल्यामुळें जुन्या लेखनपद्धतीची दुसरी यादी त्याच्या शेजारीं ठेवून, कागदागणिक हवी ती निवडणें शक्य आहे. तशी यादी कष्टानें तयार करावी लागेल, एवढेंच.

आणि गोडबोले यांच्या आडनांवाचें काय? मॅकवर, सामाईक सेवा वापरणाऱ्या प्रोग्रॅमांपुरतें, तें एकदां शिकवून पुरतें. एन्चांटनेंहि शिकविलेल्या शब्दांची वही भाषेगणिक एक ठेवली आहे. परंतु फायरफॉक्स आणि लिबरऑफिस हे दोघे एकाच हनस्पेलचा कोश वाचीत असले, तरी शिकविलेले शब्द मात्र प्रत्येकजण आपापल्या वहींत टिपतो. तेव्हां हे दोन प्रोग्रॅम शेजारीं शेजारीं उघडून बसलेल्या गोडबोल्यांना आपलें नांव तेथें अजूनहि दोनदां सांगावें लागतें.